बाजारपेठेला वाली कोण? काळा घोडा, भेंडी बाजार आणि सारंगखेडा नंदुरबारला काय शिकवतात?

हिवाळा लागला की नंदुरबार शहराच्या आजूबाजूची मोकळी रानं लाल दिसायला लागतात. बाजार समितीत आलेली ओली लाल मिरची व्यापारी विकत घेतात आणि वाळवण्यासाठी उघड्या जागेवर पसरतात. याला इथं मिरचीची पथारी म्हणतात. फापडा, व्हीएनआर, शंकेश्वरी अशी नावं या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी असतात. आंध्रातल्या गुंटूरनंतर देशातला मोठा मिरची बाजार म्हणून नंदुरबारचं नाव घेतलं जातं.

आता या पैशाचा पुढचा प्रवास बघा. शेतकऱ्याला मिळालेली पट्टी, पथारीवरच्या मजुराचा रोज, हमालाची हमाली यातला मोठा भाग परत शहरातच खर्च होतो. कापड, भांडी, किराणा, औषधं, चांदीचे दागिने, मोबाईलचं रिचार्ज. सातपुड्यातून घाट उतरून आलेलं कुटुंब दिवसभराची खरेदी करून संध्याकाळच्या एसटीनं परत जातं. म्हणजे मिरची बाजार समितीत विकली जाते, पण त्या पैशावर घर चालतं ते शहरातल्या पेठेचं.

मग साधा प्रश्न असा, की या पेठेची जबाबदारी नेमकी कुणाची?

रस्ता आणि कचरा नगरपालिकेकडे. वाहतूक पोलिसांकडे. धान्य आणि मिरचीचे सौदे बाजार समितीकडे. दुकानदारांचे प्रश्न व्यापारी संघटनेकडे. पण पार्किंग, मुताऱ्या, जुनी घरं, पथारीवाले, सणासुदीची गर्दी आणि बंद पडत चाललेली दुकानं हे सगळं एकत्र धरून 'पूर्ण पेठेचं काय होणार' याचा विचार करायचं काम यांतल्या कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं.

जगात काही ठिकाणी हेच काम करण्यासाठी वेगळ्या ना-नफा संस्था काढल्या गेल्या. मुंबईत अशी एक संस्था २५ वर्षांहून जास्त काळ चालू आहे. त्या कशा चालतात, त्यांच्या खुर्चीवर कोण बसतं आणि नंदुरबारसारख्या शहरासाठी त्यात घेण्यासारखं काय आहे, हे समजून घेऊ.

ही कल्पना आली कुठून?

इंग्रजीत ज्याला डाऊनटाऊन म्हणतात, ती आपल्याकडची पेठ. गावाचा जुना, मधला, व्यापाराचा भाग. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका आणि कॅनडात गाड्या वाढल्या, लोक शहराबाहेर राहायला गेले, तिकडेच मोठे मॉल उभे राहिले आणि जुन्या पेठा ओस पडायला लागल्या.

टोरांटो शहरात ब्लूर स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. १९६८ मध्ये तिथं भुयारी रेल्वे आली आणि वरची ट्राम बंद झाली. ट्राममधून उतरून दुकानात डोकावणारं गिऱ्हाईक जमिनीखालून निघून जाऊ लागलं. दुकानदार एकत्र आले. दिवे लावू, बाकं ठेवू, जाहिरात करू असं ठरलं. आणि लगेच नेहमीची अडचण आली: वर्गणी कोण देणार?

आपल्याकडच्या कुठल्याही गणेश मंडळाला ही अडचण माहीत आहे. दहा जण देतात, चाळीस जण देत नाहीत, पण रोषणाईचा उजेड सगळ्यांच्याच दारात पडतो. जो देत नाही त्याचाही धंदा वाढतो. मग पुढच्या वर्षी देणारेही हात आखडता घेतात.

टोरांटोत यावर कायद्यानं उत्तर काढलं. ठरावीक भागातल्या व्यावसायिकांनी मान्यता दिली, की त्या भागातल्या सगळ्यांकडून पालिका एक जास्तीची पट्टी वसूल करणार आणि ती रक्कम त्या भागाच्या मंडळालाच देणार. १९७० मध्ये ब्लूर वेस्ट व्हिलेज हा अशा पद्धतीचा जगातला पहिला भाग ठरला. पुढे ही पद्धत अनेक देशांत पसरली.

अमेरिकेत दुसरा प्रयोग झाला. १९७७ मध्ये तिथल्या नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन या संस्थेनं तीन छोटी गावं निवडली. गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज. मेरी मीन्स या बाईंनी हा प्रकल्प चालवला. प्रत्येक गावात एक पूर्णवेळ पगारी माणूस नेमला, ज्याचं एकच काम: पेठेकडे बघणं. रिकाम्या दुकानाला भाडेकरू शोधणं, पाट्या नीट करायला लावणं, दुकानदारांची भांडणं मिटवणं, कार्यक्रम आखणं. १९८० मध्ये याच प्रयोगातून 'मेन स्ट्रीट' ही देशभराची चळवळ उभी राहिली.

या दोन गोष्टी लक्षात ठेवा, कारण पुढे त्या परत लागणार आहेत. एक, पैसा नियमित आणि सगळ्यांकडून आला पाहिजे. दोन, रोज बघणारा एक माणूस पाहिजे.

मुंबईत काय झालं?

मुंबईच्या फोर्ट भागात जहांगीर आर्ट गॅलरी, डेव्हिड ससून लायब्ररी, एल्फिन्स्टन कॉलेज, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय अशा संस्था एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. हा भाग काळा घोडा म्हणून ओळखला जातो. घोडा होता खरा. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा राजा सातवा एडवर्ड, याचा घोड्यावर बसलेला पुतळा अल्बर्ट ससून यांनी शहराला दिला आणि १८७९ मध्ये तो इथं उभा राहिला. १९६५ मध्ये तो हलवून राणीच्या बागेत नेला. घोडा गेला, नाव राहिलं.

१९९० च्या दशकात या भागाची अवस्था बरी नव्हती. इमारती नामवंत, पण मळलेल्या. मधल्या मोकळ्या जागेत पार्किंग. १९९५ मध्ये मुंबईत वारसा इमारतींसाठी नियमावली लागू झाली. पण नियम फक्त काय पाडू नये हे सांगतो. दुरुस्ती कोण करणार आणि पैसे कोण देणार, हे नियमात लिहिलेलं नसतं.

त्या वेळी अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूट ही मुंबईतली संस्था फोर्ट भागाचा अभ्यास करत होती. वास्तुरचनाकार राहुल मेहरोत्रा हे तिच्यातलं महत्त्वाचं नाव. या भागात कलेच्या इतक्या संस्था आहेत, तर सगळ्या परिसराकडेच 'कलेचा परिसर' म्हणून बघावं, हा विचार पुढे आला. आणि ३० ऑक्टोबर १९९८ ला काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली.

योगायोग असा, की त्याच वर्षी, १ जुलै १९९८ ला, धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा जन्माला आला. म्हणजे दोघांचं वय सारखंच आहे.

१९९९ मध्ये काळा घोडा कला महोत्सव सुरू झाला. नऊ दिवस, प्रवेश फुकट. चित्रं, नाटकं, संगीत, पुस्तकं, हस्तकलेचे स्टॉल. बहुतेकांना ही संस्था या महोत्सवामुळेच माहीत आहे. पण संस्थेच्या दृष्टीनं महोत्सव हे साधन आहे. प्रायोजक आणि स्टॉल यांतून पैसा उभा करायचा आणि परिसराच्या जतनाला लावायचा, असं हे गणित. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीच्या दुरुस्तीपासून अशा कामांत संस्थेचा हात राहिला. डेव्हिड ससून लायब्ररी २०२३ मध्ये दुरुस्त होऊन परत उघडली, त्यातही अनेक देणगीदारांबरोबर ही संस्था होती. २०१७ मध्ये तर स्वार नसलेला एक काळा घोडा चौकात परत आला. त्याचं डिझाइन वास्तुरचनाकार अल्फाझ मिलर यांचं, शिल्पकार श्रीहरी भोसले.

या संस्था चालवतं कोण?

इथं मुद्द्याची गोष्ट सुरू होते. काळा घोडा असोसिएशनचं अध्यक्षपद बराच काळ माणेक डावर यांच्याकडे राहिलं. ते प्रकाशन व्यवसायातले. महोत्सवाची सूत्रं अनेक वर्षं ब्रिंदा मिलर यांनी सांभाळली. त्या चित्रकार. बाकीच्या कामांत वास्तुरचनाकार, कलादालनवाले, परिसरातले व्यावसायिक.

यांतलं कुणी निवडून आलेलं नाही आणि कुणी सरकारी अधिकारीही नाही. अशा संस्थांमध्ये मंडळावरची माणसं बहुधा मानद असतात, म्हणजे पगार न घेता काम करतात. मग त्यांच्याकडे ताकद कसली? तीन गोष्टींची.

पहिली, ओळखी. रस्ता नऊ दिवस बंद ठेवायचा तर पालिका, पोलीस, अग्निशमन दल, वारसा समिती अशा सगळ्यांची परवानगी लागते. प्रत्येक दारात जाऊन बसणारा आणि दरवर्षी तोच चेहरा दिसणारा माणूस लागतो.

दुसरी, टिकून राहणं. आयुक्त दोन-तीन वर्षांत बदलतो. नगरसेवकाची मुदत पाच वर्षं. मुख्याधिकाऱ्याची बदली कधीही होते. संस्थेचा माणूस मात्र वीस वर्षं तिथंच असतो. कुठल्या गटाराचं पाणी कुठल्या इमारतीत शिरतं, हे त्याला पाठ असतं.

तिसरी, विश्वास. प्रायोजक पैसे देतो तो नावावर. पैसे भिंतीला लागले की जेवणावळीला, हे दिसावं लागतं.

पण याच तीन गोष्टी उलटतातही. ओळखींच्या जोरावर चालणारी संस्था ओळखी असलेल्यांचीच होऊ शकते. वीस वर्षं टिकणारा माणूस वीस वर्षं खुर्ची न सोडणाराही असू शकतो. आणि निवडून न आलेल्या माणसाला मतदार घरी पाठवू शकत नाही. म्हणून अशी संस्था बघताना 'काम किती केलं' याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो, 'यांना जाब कोण विचारू शकतं?'

गर्दी आली म्हणजे धंदा वाचला का?

नाही. याचा पुरावा काळा घोड्यातच आहे. जहांगीर आर्ट गॅलरीजवळ ऱ्हिदम हाऊस नावाचं गाण्यांच्या तबकड्या आणि सीडींचं दुकान होतं. मुंबईतल्या कित्येक पिढ्यांनी तिथं गाणी ऐकली आणि विकत घेतली. दरवर्षी महोत्सवाला लाखोंची गर्दी दुकानाच्या दारात येत होती. तरी २०१६ मध्ये ते बंद झालं, कारण लोक गाणी मोबाईलवर ऐकायला लागले होते.

महोत्सव माणसं रस्त्यावर आणू शकतो. पण दुकानात काय विकायचं, भाडं किती, माल कुठून, उधारी कशी, हे प्रश्न महोत्सवानं सुटत नाहीत. दुकानाचा धंदाच बदलला असेल तर त्याच्या मालकाला नवा धंदा उभा करायला मदत लागते. अमेरिकेतल्या 'मेन स्ट्रीट'च्या पद्धतीत म्हणूनच चार कामं सांगितली आहेत: संघटन, प्रसिद्धी, रचना आणि अर्थव्यवहार. आपल्याकडे बहुतेक वेळा दिवे आणि कार्यक्रम होतात, चौथं काम राहून जातं.

भेंडी बाजारचा रस्ता वेगळा

मुंबईतच दुसरं उदाहरण आहे, आणि ते फारच मोठं आहे. भेंडी बाजारात जुन्या, दाटीवाटीच्या चाळी. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. २००९ मध्ये दाऊदी बोहरा समाजाचे तेव्हाचे धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हाणुद्दीन यांच्या पुढाकारानं सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला. साधारण साडेसोळा एकर जागा, सुमारे २५० इमारती, ३,२०० कुटुंबं आणि १,२५० दुकानं यांचा एकत्र पुनर्विकास, असा हा प्रकल्प. बिल्डरऐवजी समाजाचा ट्रस्ट पुढे झाला, हे याचं वेगळेपण.

काळा घोड्यात जुनं जपायचं आहे, तर भेंडी बाजारात जुनं पाडून नवं बांधायचं आहे. इथं नेतृत्वाची ताकद धार्मिक आणि सामाजिक विश्वासातून आली. हजारो लोकांना घर-दुकान सोडून काही वर्षं दुसरीकडे राहायला तयार करणं हे फक्त कागदावरच्या कराराचं काम नव्हे.

तरी वेळ लागतोच. संमती, परवानग्या, कोर्टकज्जे, पर्यायी जागा. आणि उशिराची किंमत कधी कधी फार भयंकर असते. ३१ ऑगस्ट २०१७ ला याच भागातल्या पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी ही जुनी इमारत कोसळली. ३३ माणसं गेली. पुनर्विकासाच्या यादीत असलेली ती इमारत होती. पेठेचं पुनरुज्जीवन हा शब्द ऐकायला रंगरंगोटीसारखा वाटतो. पण जुन्या पेठेत तो जगण्या-मरण्याचाही प्रश्न असतो.

आता नंदुरबार जिल्ह्याकडे या

इथं एक उदाहरण आधीपासूनच आहे. सारंगखेड्याची यात्रा. शहादा तालुक्यात तापीच्या काठी एकमुखी दत्ताचं मंदिर आहे. दत्तजयंतीला यात्रा भरते आणि तिच्यात देशभरातून घोडे विकायला येतात. तीनेकशे वर्षांची परंपरा सांगितली जाते. गावातल्या घरांपासून हॉटेलवाल्यापर्यंत अनेकांचं वर्षाचं गणित या दिवसांवर असतं.

या यात्रेला 'चेतक फेस्टिव्हल'चं रूप देण्यात आलं. घोड्यांच्या स्पर्धा, तंबूंची वस्ती, पर्यटकांसाठी सोयी. स्थानिक समिती आणि राज्याचं पर्यटन महामंडळ यात होतं. डिसेंबर २०१७ मध्ये पर्यटन महामंडळानं आयोजनासाठी अहमदाबादच्या एका कंपनीशी करार केला. तो सुमारे ३२१ कोटींचा असल्याचं पुढे समोर आलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्य सरकारनं गंभीर आर्थिक अनियमिततेचं कारण देत हा करार रद्द केला.

कोण बरोबर, कोण चूक या वादात न पडताही यातून एक गोष्ट कळते. गावाच्या यात्रेचा एवढा मोठा व्यवहार मुंबईत ठरला आणि मुंबईतच रद्द झाला. ज्या गावात यात्रा भरते, तिथल्या दुकानदाराला, घोडेवाल्याला किंवा ग्रामपंचायतीला त्याचा हिशोब मागायची सोय कुठं होती? यात्रा मात्र करारावर उभी नव्हती. ती पुढेही भरत राहिली, कारण घोडेवाले आणि भाविक आधीपासून येत होते.

बाजार लोकांनी उभा केलेला असतो. संस्था, समिती किंवा कंपनी त्यावर नंतर येते. म्हणून तिला बाजारातल्या माणसांना उत्तर देता आलं पाहिजे.

नंदुरबारच्या पेठेत कोण कोण आहे?

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार शहराची लोकसंख्या १,११,०३७ होती. जिल्ह्याची १६ लाख ४८ हजार. त्यात जवळपास ६९ टक्के आदिवासी. शहरी भागात राहणारे जेमतेम १७ टक्के. म्हणजे या पेठेचं गिऱ्हाईक प्रामुख्यानं शहराबाहेर, पाड्यांवर राहतं. मुंबई-पुण्याच्या पेठांपेक्षा हे गणितच वेगळं आहे.

व्यापाराची परंपरा मात्र जुनी. सुरत आणि बुऱ्हाणपूरच्या वाटेवरचं हे गाव. सतराव्या शतकात इंग्रजांचीही इथं वखार होती. १९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वे आली आणि सुरत आणखी जवळ आलं. ९ सप्टेंबर १९४२ ला याच शहराच्या रस्त्यांवर तिरंगा घेऊन निघालेल्या शिरीषकुमार मेहता आणि त्याच्या चार सोबत्यांना पोलिसांच्या गोळ्यांनी गाठलं. नंदुरबारकरांसाठी पेठ ही नुसती खरेदीची जागा नाही.

आज या पेठेचे स्पर्धक दोन. एक, रेल्वेनं काही तासांवर असलेली सुरत, जिथं लग्नाचा बस्ता बांधायला लोक जातात. दुसरा, खिशातला मोबाईल.

या स्पर्धेत टिकायचं म्हणून पेठ 'सुंदर' करायची ठरली, तर सर्वांत आधी नजर कुणावर जाते? रस्त्यावर बसलेल्यांवर. आणि रस्त्यावर कोण बसतं? पाड्यावरून महुआ, भाजी, कोंबड्या, आमचूर घेऊन आलेली बाई. ती सकाळी विकते आणि दुपारी त्याच पैशातून दुकानात खरेदी करते. तिला हटवलं तर रस्ता मोकळा होईल, पण दुकानातलं गिऱ्हाईकही तिच्याबरोबर जाईल.

सातपुड्यात होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतात. माणसं नटून-थटून येतात, होळीचा बाजार करतात, भेटीगाठी घेतात. विकणारा आणि घेणारा तिथं एकच समाज असतो. पेठ जिवंत असणं म्हणजे काय, हे इथल्या लोकांना वेगळं शिकवायची गरज नाही.

अशी संस्था काढायची तर कायदा काय सांगतो?

नोंदणीचे तीन मार्ग आहेत. सार्वजनिक न्यास, म्हणजे ट्रस्ट, हा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली. सोसायटी ही १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली. किंवा कंपनी कायदा, २०१३ मधल्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी.

ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंद होते, दरवर्षी लेखापरीक्षण करून हिशोब द्यावा लागतो. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज करायचा असतो. खुर्चीवर नेमकं कोण आहे हे याच नोंदीवरून कळतं. कुठल्याही संस्थेच्या पत्रकावर मोठी नावं दिसली, तर आधी ही नोंद बघावी.

आता पैसा. टोरांटोसारखी पट्टी वसूल करून पेठेच्या संस्थेला देण्याची पद्धत आपल्याकडे रुळलेली नाही. म्हणजे उरली वर्गणी, देणगी, कार्यक्रमाचं उत्पन्न आणि कंपन्यांचा सीएसआर. ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि त्यात वारसा जतनही बसतं. पण कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो. त्यामुळे जिथं कारखाने कमी, तिथं हा पैसा आपोआप येत नाही. काळा घोड्याला प्रायोजक मिळतात कारण कंपन्यांची मुख्यालयं आणि त्यांचे ग्राहक तिथंच आहेत. नंदुरबारनं तोच नमुना जसाच्या तसा उचलला तर पहिल्याच वर्षी तिजोरी रिकामी होईल.

पण एक गोष्ट पैशाशिवाय होऊ शकते, आणि तिची जागा कायद्यात तयार आहे. २०१४ चा पथविक्रेता कायदा प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती नेमायला सांगतो. नगरपालिका क्षेत्रात मुख्याधिकारी तिचे अध्यक्ष. समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यांतल्या एक तृतीयांश महिला. सामाजिक संस्थांना किमान १० टक्के जागा. शिवाय पोलीस, व्यापारी संघटना, बाजार संघटना, बँका यांचेही प्रतिनिधी.

म्हणजे ज्या टेबलाभोवती पेठेतले सगळे घटक बसावेत असं आपण म्हणतोय, ते टेबल कागदावर २०१४ पासूनच मांडलेलं आहे. पेठेसाठी नवी संस्था निघाली तर तिची पहिली परीक्षा हीच: ती या समितीत बसून काम करते, की हिला वळसा घालून थेट नेत्याच्या बंगल्यावर जाते?

मग सुरुवात कशी करता येईल?

मोठा महोत्सव हा शेवटचा टप्पा ठेवावा. त्याआधी स्वस्तातली आणि रोजच्या उपयोगाची कामं असतात.

एक, मोजणी. पेठेत दुकानं किती, बंद किती, कुठल्या वारी किती लोक येतात, कुठून येतात. कॉलेजची मुलं वह्या घेऊन आठ दिवसांत हे करू शकतात. ही माहिती हातात नसेल तर पुढचं सगळं अंदाजानं चालतं.

दोन, बाईचा दिवस डोळ्यासमोर ठेवणं. पहाटे निघून आलेल्या बाईला दिवसभरात स्वच्छ मुतारी, पिण्याचं पाणी, सावली आणि एसटी स्टँडपर्यंत चालायला मोकळी वाट मिळते का? ती दोन तास जास्त थांबली तर दोन दुकानं जास्त बघेल. याला समाजसेवा म्हणा किंवा धंद्याचं शहाणपण म्हणा, काम तेच आहे.

तीन, हंगाम धरून बेत. मिरचीचा हंगाम, दिवाळी, सारंगखेड्याची यात्रा, होळी. पैसा हातात येतो ते दिवस ठरलेले आहेत. त्या दिवसांपुरती वाहतूक आणि पार्किंगची व्यवस्था आधी ठरवता येते.

चार, एक पगारी माणूस. मेरी मीन्स यांच्या प्रयोगातला हा सर्वांत साधा आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित धडा. वीस मान्यवरांच्या मंडळापेक्षा रोज पेठेतून दोन फेऱ्या मारणारा, अर्ज लिहिता येणारा आणि भिली, पावरी, अहिराणी, गुजराती यांतल्या दोन भाषा तरी समजणारा एक तरुण किंवा तरुणी जास्त काम करेल.

कुणाच्या हाती द्यायची?

पेठेच्या भल्यासाठी संस्था काढतोय असं म्हणत उद्या कुणी तुमच्याकडे पावती पुस्तक घेऊन आलं, तर पाच प्रश्न नक्की विचारा.

नोंदणी कुठली आणि विश्वस्त कोण? मागच्या वर्षीचा हिशोब कुठं बघायला मिळेल? मंडळावर पथारीवाला, हमाल, भाडेकरू दुकानदार आणि आदिवासी महिला यांतलं कोण आहे? अध्यक्षाची मुदत किती वर्षांची? आणि जागा 'सुधारली' की भाडं वाढल्यावर आत्ता तिथं बसलेल्या माणसांचं काय होणार?

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. पेठ सुधारली की जागेचा भाव वाढतो, आणि भाव वाढला की आधी बाहेर पडतो तो भाड्याचा छोटा दुकानदार. जगभर जुन्या पेठांमध्ये हे घडलं आहे. आधीच ठरवलं नसेल तर नंदुरबारमध्येही घडेल.

काळा घोड्याकडे नामवंत इमारती होत्या आणि भेंडी बाजाराकडे एकसंध समाज. नंदुरबारच्या पेठेकडे आहे ते डोंगरातून उतरून येणारं, पिढ्यानपिढ्यांचं गिऱ्हाईक. पेठेसाठी जी कुठली संस्था पुढे निघेल, तिच्या मंडळाच्या बैठकीत एक खुर्ची त्या गिऱ्हाइकाची असली पाहिजे.